तीव्र उतार, मऊ बर्फ आणि स्नोशूची निवड: एक आढावा

सपाट माळावरच्या मऊ बर्फात चालायला कोणताही बरा स्नोशू पुरतो. पायाखालचे क्षेत्रफळ वाढले की माणूस कमी रुततो आणि तिथे एवढेच हवे असते. खरा पेच चढ लागल्यावर सुरू होतो. तीव्र उतारावर स्नोशूने बर्फावर तरंगायचेही असते आणि बर्फात दात रोवून पकडही घ्यायची असते. पसरट, लांब तळ तरंगायला उत्तम, पण उतारावर पाय वळवताना तोच आड येतो. आखूड, दातेरी तळ पकड चांगली घेतो, पण ताज्या बर्फात गुडघाभर रुततो. ही ओढाताण कशी सोडवायची यावर उत्तर अमेरिका, आल्प्स आणि जपान इथल्या डोंगरी परंपरांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. त्यांची बाजू मांडणारे अनुभवी लोक आजही एकमेकांशी सहमत नाहीत.

या लेखात आधी या साधनाचा मागचा प्रवास, मग उतारावर घडणारे बलांचे गणित, त्यानंतर मुख्य मतप्रवाह आणि शेवटी न सुटलेले प्रश्न अशा क्रमाने आढावा घेतला आहे. हा सगळा पट पाहताना एक बदल ठळकपणे जाणवतो. साधने जसजशी सुधारत गेली, तसतसा ‘कोणता स्नोशू चांगला’ या प्रश्नाइतकाच ‘स्नोशू कुठपर्यंत वापरावा’ हा प्रश्न महत्त्वाचा होत गेला.

पार्श्वभूमी: लाकूड आणि चामड्यापासून धातूपर्यंत

आज माहीत असलेला सर्वांत जुना स्नोशू इटलीच्या दक्षिण टिरोल भागात, ऑस्ट्रियाच्या सीमेलगतच्या गुर्गलर आइसयोख या हिमाच्छादित खिंडीत २००३ साली सापडला. ठिकाणाची उंची ३,१३४ मीटर. बर्चची फांदी वाकवून केलेली ती लंबगोल चौकट इसवी सनापूर्वी ३८०० ते ३७०० या काळातली असल्याचे चाचण्यांतून ठरले आणि २०१६ मध्ये ते जाहीर झाले. उंच खिंडीतल्या बर्फातून माणूस जवळपास पावणेसहा हजार वर्षांपूर्वी अशा साधनानिशी जात होता, हे या शोधाने दाखवून दिले.

स्नोशूचा सर्वांत समृद्ध विकास मात्र उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासी समाजांनी केला. ॲश वृक्षाचे लाकूड वाफवून वाकवायचे आणि त्यावर कच्च्या चामड्याच्या वाद्यांची जाळी विणायची, ही त्यांची पद्धत. आकार भूप्रदेशानुसार ठरे. उघड्या, मोकळ्या प्रदेशासाठी लांब, पुढून वर वळलेले आणि शेपटीचे स्नोशू; दाट झाडीच्या, चढउताराच्या भागासाठी आखूड, गोलसर आणि शेपटी नसलेले. उतारासाठी आखूड तळ बरा, हे ज्ञान इतके जुने आहे.

या लाकडी स्नोशूंची मर्यादा कडक बर्फाच्या चढावर दिसते. चामड्याची जाळी तिथे घसरते आणि गोल लाकडी कड बर्फात रुतत नाही. अमेरिकेच्या वायव्येकडील कॅस्केड पर्वतरांगेत हिवाळी गिर्यारोहण वाढू लागले, तेव्हा ही मर्यादा फार जाणवू लागली. तिथला बर्फ दमट आणि जड असतो, उतार उभे असतात. वॉशिंग्टन राज्यातल्या एलेन्सबर्ग इथल्या जीन आणि बिल प्रेटर या भावांनी यावर चिकाटीने काम केले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या ‘शेर्पा’ स्नोशूने नवा पायंडा पाडला. ॲल्युमिनियमच्या नळीची चौकट, चामड्याच्या जाळीऐवजी रबरी लेप दिलेल्या कृत्रिम कापडाचा तळ, पायाखाली फिरणारी बिजागरी आणि तिच्याखाली धातूचे दात अशी त्याची रचना होती. जीन प्रेटर यांचे ‘स्नोशूइंग’ हे १९७४चे पुस्तक पुढच्या पिढ्यांचे मार्गदर्शक ठरले. उतारासाठीचा आधुनिक स्नोशू इथून सुरू होतो, असे म्हणता येईल.

त्यानंतरचे मोठे टप्पे दोन. १९९०च्या दशकाच्या मध्यात एमएसआर या अमेरिकी कंपनीने ‘डेनाली’ हा साच्यातून काढलेला, एकसंध प्लास्टिक तळाचा स्नोशू आणला. त्याला मागे जादा शेपटी जोडता येत असे. त्याचे रचनाकार बिल फॉरेस्ट हे स्वतः नावाजलेले गिर्यारोहक होते. पुढच्या दशकात त्याच कंपनीच्या ‘लाइटनिंग’ मालिकेने गोल नळीची चौकट सोडून उभ्या पट्टीची चौकट घेतली आणि त्या पट्टीच्या खालच्या कडेलाच दाते पाडले. पूर्वी फक्त पावलाखाली असलेली पकड आता स्नोशूच्या संपूर्ण परिघावर पसरली.

उतारावर नेमके काय घडते

मतभेद समजून घेण्याआधी साधे गणित मांडून ठेवणे उपयोगी आहे. सामानासह ऐंशी किलो वजनाचा माणूस एका बुटावर उभा राहिला तर बुटाचा तळ साधारण २३० चौरस सेंटिमीटर धरून प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३५० ग्रॅम भार येतो. पंचवीस इंची स्नोशूचा तळ अंदाजे १,१०० ते १,२०० चौरस सेंटिमीटर असतो. त्यामुळे तोच भार ७० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक पंचमांशावर येतो. तरंगण्याचे गुपित एवढेच.

घसरण्याचे गणित वेगळे आहे. १५ अंशांच्या उतारावर वजनाचा सुमारे चौथा भाग माणसाला उताराच्या दिशेने खाली ओढतो. ३० अंशांवर ही ओढ वजनाच्या बरोबर निम्मी होते. म्हणजे त्याच ऐंशी किलोच्या माणसाला चाळीस किलोची ओढ प्रत्येक पावलाला थोपवायची असते. बर्फ मऊ असेल तर पाऊल दाबल्यावर खाली जो घट्ट थर तयार होतो, तोच पायरीचे काम करतो. बर्फ कडक असेल तर सगळी भिस्त धातूच्या दातांवर असते.

उतारावरच्या हालचाली तीन प्रकारच्या असतात आणि प्रत्येकीची गरज वेगळी असते. सरळ वर चढताना पुढचे दात आणि बुटाचा चवडा महत्त्वाचा. आडवे जाताना स्नोशूची बाजूची कड महत्त्वाची. ती रुतली नाही तर संपूर्ण तळ खालच्या दिशेला सरकतो आणि घोटा मुरडतो. उतरताना टाचेखालचे दात आणि तळाची लांबी महत्त्वाची. सह्याद्रीत घसाऱ्यावरून आडवे गेलेल्या माणसाला यातली दुसरी गरज समजावून सांगावी लागत नाही. स्नोशूबद्दलचे बहुतेक वाद या तीन गरजांपैकी कोणत्या गरजेला झुकते माप द्यायचे, यावरचे आहेत.

मतप्रवाह पहिला: दातेरी पट्टीची चौकट

अमेरिकेत तीव्र उतारासाठी आज बहुसंख्य जाणकार दातेरी पट्टीच्या चौकटीची शिफारस करतात. त्यांचा मुख्य मुद्दा आडव्या चालीचा आहे. गोल नळीची कड बर्फावर गुळगुळीत सरकते, पट्टीची कड चाकूसारखी आत जाते. लांबी-रुंदी फार न वाढवता पकड वाढते, हा दुसरा फायदा. शिवाय कापडी तळामुळे वजनही मर्यादित राहते; मध्यम आकाराची जोडी दोन किलोच्या आसपास भरते.

आक्षेप मुख्यतः टिकाऊपणावर आहेत. पातळ ॲल्युमिनियमचे दाते उघड्या खडकावर झिजतात आणि वाकतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असताना खडक आणि झाडांची मुळे वर आलेली असतात. अशा भागात ही नाजूक कड महागात पडते. शिवाय अशा स्नोशूंची किंमतही जास्त असते.

मतप्रवाह दुसरा: साच्यातले प्लास्टिक

आल्प्समध्ये चित्र वेगळे आहे. फ्रान्सच्या ओत-साव्हुआ भागातली टीएसएल आणि तिच्यासारख्या युरोपीय कंपन्यांनी कंबरेशी निमुळते होणारे, साच्यातून काढलेले प्लास्टिकचे स्नोशू लोकप्रिय केले. कंबर निमुळती असल्याने चालताना पाय फाकवावे लागत नाहीत. एका पायाचा स्नोशू दुसऱ्यावर पडण्याचा धोकाही कमी होतो. अरुंद पाऊलवाटेवर आणि उतारावर पावले जवळ टाकता येणे, हा त्यांचा मोठा गुण. तळाखाली स्टीलचे खिळे आणि पुढे दात असतात. प्लास्टिक खडकावर ओरखडते, पण सहसा तुटत नाही. भाड्याने देणाऱ्या दुकानांना हे फार सोयीचे ठरते.

याच्या विरोधात सांगितले जाते ते असे: प्लास्टिकच्या गुळगुळीत कडेची आडवी पकड दातेरी पट्टीइतकी नसते, तळाचे क्षेत्रफळ मर्यादित असल्याने ताज्या, खोल भुसभुशीत बर्फात ते अधिक रुततात, आणि काही प्रकारांत तळाखाली ओला बर्फ चिकटून त्याचे गोळे होतात. यावर उत्तर म्हणून अलीकडे लवचीक तळाचे प्रकार आले आहेत, जे पावलाबरोबर वाकतात आणि खिळ्यांना बर्फात नीट टेकू देतात. अतितीव्र उतारावर ही लवचीकता उपयोगाची की अडचणीची, याबद्दल मात्र एकमत नाही.

मतप्रवाह तिसरा: जपानचे वाकान

जपानच्या पर्वतांत हिवाळी गिर्यारोहकांची एक जुनी पद्धत टिकून आहे. कान्जिकी या पारंपरिक साधनाचा ‘वाकान’ हा प्रकार म्हणजे लहान लंबगोल कडे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खाली काढलेले दात. पूर्वी ते लाकडाचे असे, आता बहुतेक ॲल्युमिनियमचे असते. बुटाचा तळ थेट या कड्यावर बांधला जातो आणि बिजागरी नसते.

पंचवीस इंची स्नोशूच्या तुलनेत वाकानचे क्षेत्रफळ फार कमी असते, त्यामुळे ते खोल बर्फात अधिक रुतते. पण ते हलके असते, पाठीवर सहज अडकवता येते, आणि चढावर बुटाने थेट लाथ मारून पायरी पाडता येते. जपानच्या समुद्राकडून येणारा दमट वारा तिथे प्रचंड हिमवर्षाव करतो आणि उभ्या, झाडीच्या धारांवरून वाट काढावी लागते. तिथले गिर्यारोहक म्हणतात की मंद उतारावर आणि पठारावर पाश्चात्त्य स्नोशू बरा. पण उभ्या, अरुंद धारेवर, जिथे एका तासात चार वेळा चालण्याची पद्धत बदलावी लागते, तिथे वाकान बरे. थोडे रुतणे मान्य करून नियंत्रण मिळवायचे, अशी ही भूमिका आहे आणि ती दुर्लक्षिण्यासारखी नाही.

याच विचाराच्या जवळचा एक प्रयोग अमेरिकेत झाला. नाळेतून सरळ वर चढणाऱ्या स्नोबोर्डपटूंसाठी बिजागरी नसलेले, बुटाला घट्ट बांधायचे आखूड प्लास्टिकचे पट्टे बनवले गेले. मऊ बर्फाच्या अतितीव्र नाळेत त्यावर शिडीसारखे चढता येते. सपाटीवर मात्र ते चालायला त्रासदायक असल्यामुळे त्यांचा वापर मर्यादित राहिला.

बिजागरीचा वाद

साधनाच्या सुट्या भागांत सर्वाधिक चर्चा बिजागरीवर झाली आहे. मोकळ्या बिजागरीत पाऊल उचलले की स्नोशूची शेपटी खाली लोंबते. त्यावरचा बर्फ गळून पडतो आणि चवडा बर्फात खोल रोवता येतो. सरळ चढासाठी हे फार मोलाचे आहे. ताणलेल्या पट्ट्याच्या किंवा स्प्रिंगच्या बिजागरीत मात्र शेपटी पावलाबरोबर वर येते. त्यामुळे मागे सरकणे, पडलेले झाड ओलांडणे, वळण घेणे सोपे जाते. पण चवडा तितका मोकळा वळत नाही आणि मागून पायावर बर्फ उडतो.

तीव्र उतारासाठी मोकळी बिजागरी हवी, याबाबत आज बरीच सहमती आहे. तरी दुसऱ्या बाजूचा मुद्दाही खरा आहे. दाट झाडीच्या, ओंडक्यांनी भरलेल्या चढावर माणूस सरळ वर कमी आणि आडवातिडवा जास्त जातो. तिथे लोंबणारी शेपटी दर दहा पावलांना कुठेतरी अडकते. काही कंपन्यांनी मधला मार्ग काढला आहे. बिजागरी फिरते, पण ठराविक कोनानंतर थांबते.

टाचेखाली उभी करता येणारी तार किंवा कांब, जिला दुकानांत हील लिफ्ट म्हणतात, ती मात्र जवळपास सर्वमान्य झाली आहे. चढावर टाचेला आधार मिळाल्याने पोटरीवरचा ताण बराच कमी होतो. लांब, सलग चढावर हा फरक थकवा आणि सुरक्षितता दोन्हींवर परिणाम करतो. आक्षेप एवढाच, की आडवे जाताना किंवा उतरताना ती खाली पाडायला विसरले तर तोल जातो.

आकार: तक्ता किती मानावा

प्रत्येक उत्पादक वजनानुसार आकार सुचवणारा तक्ता देतो. दुकानात जाणारा नवखा माणूस स्वाभाविकपणे त्यावर विसंबतो. पण हे तक्ते मुख्यतः तरंगण्याचा विचार करतात, उताराचा नाही. पाठीवर पंधरा किलोची सॅक असलेल्या सत्तर किलोच्या माणसाला तक्ता मोठा आकार सुचवेल. तीव्र उतारावरचे अनुभवी लोक त्यालाच एक माप लहान घ्यायला सांगतात. कारण आडव्या उतारावर लांब तळ घोट्याला पिळतो आणि उतरताना शेपटी बर्फावर ओढली जाऊन तोल पुढे ढकलते.

जोडता येणाऱ्या शेपट्या हा यातला समंजस तोडगा आहे. बावीस इंची आखूड स्नोशू घ्यायचा आणि ताजा बर्फ खोल असेल तेव्हाच पाच-सहा इंचांची शेपटी जोडायची. टीकाकार म्हणतात की जोडाच्या जागी ताकद कमी होते आणि थंडीत गोठलेल्या बोटांनी शेपटी जोडणे-काढणे सोपे नसते. तरी एकाच जोडीत दोन्ही गरजा भागवणारा दुसरा सोपा उपाय अजून पुढे आलेला नाही.

वजनाचा मुद्दाही इथेच येतो. पायावरचे वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कित्येक पट जास्त थकवते, हे लष्करी संशोधनात आणि गिर्यारोहकांच्या अनुभवात वारंवार दिसले आहे. म्हणून दोनशे ग्रॅमचा फरक कागदावर किरकोळ वाटला, तरी हजार मीटरच्या चढावर तो जाणवतो.

बांधणी आणि बूट

बांधणीबाबतचे मतभेद व्यवहारातले आहेत. रबरी पट्ट्या थंडीत लवचीक राहतात, तुटल्या तर दोरीने काम भागवता येते आणि दुरुस्ती सोपी असते. तारेच्या चकतीने आवळणारी बांधणी झटपट बसते आणि पावलावर दाब समान ठेवते. पण चकतीत बर्फ गोठला किंवा तार तुटली तर डोंगरात उपाय राहत नाही. लांब आणि निर्जन वाटांवर जाणारे बहुतेक लोक पट्ट्यांना पसंती देतात.

बुटांबद्दल मात्र फारसा वाद नाही. बूट मऊ असेल तर उत्तम स्नोशूही उतारावर निकामी ठरतो, कारण तळ एका बाजूला कलला तरी पाऊल त्यात वळते आणि कड बर्फात रुतत नाही. कडक तळाचा आणि घोट्याला आधार देणारा बूट ही पहिली अट. पुढे क्रॅम्पॉन, म्हणजे कडक बर्फासाठी बुटाखाली बांधायचे धातूचे दात, घालावे लागणार असतील तर बूट त्यालाही योग्य हवा.

जागेनुसार बदलणारे उत्तर

मतप्रवाहांतला फरक बराचसा भूगोलाचा आहे. कॅस्केडमधल्या दमट, जड बर्फाला तिथले लोक ‘कॅस्केड काँक्रीट’ म्हणतात. माउंट रेनियरच्या उतारावरील पॅराडाइज इथे १९७१-७२च्या हिवाळ्यात १,१२२ इंच, म्हणजे साडेअठ्ठावीस मीटर बर्फ पडल्याची नोंद आहे. सिॲटल परिसरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांची स्नोशूशी पहिली ओळख याच पॅराडाइजला होते. अशा जड बर्फात आखूड पण दातेरी स्नोशू चालून जातो, कारण बर्फ मुळातच दाबून घट्ट बसलेला असतो. कॉलोरॅडोच्या कोरड्या, पिठासारख्या बर्फात तोच स्नोशू गुडघाभर रुतेल.

अमेरिकेच्या ईशान्येकडे, न्यू हॅम्पशरच्या व्हाइट माउंटन्समध्ये आणि न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅकमध्ये पाऊलवाटा जुन्या आहेत आणि वळसे न घेता सरळ वर जातात. तिथे दात आणि टाचेची कांब यांना प्राधान्य मिळते. ॲडिरॉन्डॅकच्या हाय पीक्स भागात आठ इंच किंवा अधिक बर्फ असेल तर स्नोशू किंवा स्की घालणे नियमाने बंधनकारक आहे, कारण नुसत्या बुटांनी पडलेले खोल खड्डे गोठतात आणि मागून येणाऱ्यांचे पाय त्यात अडकून जखमी होतात. वाट बिघडवू नये ही सार्वजनिक जबाबदारी मानणारा हा नियम आहे. मात्र बर्फ कडक असताना तो शब्दशः पाळावा का, यावर तिथल्या चालणाऱ्यांत चर्चा सुरू असते.

भारतातल्या मराठी ट्रेकरांसाठी परिस्थिती आणखी निराळी आहे. केदारकंठासारख्या लोकप्रिय हिवाळी ट्रेकवर शेकडो पावलांनी वाट घट्ट तुडवलेली असते. तिथे गेटर आणि बुटाला चढवायचे साखळीचे मायक्रोस्पाइक पुरतात आणि ट्रेक नेणाऱ्या संस्था तेच देतात. गुलमर्गच्या उतारांवर किंवा स्पितीत हिमबिबट्याच्या मागावर वाट न पडलेल्या बर्फात उतरायचे असेल, तेव्हा स्नोशूची खरी गरज भासते. हिमालयातला बर्फ एकाच दिवसात, एकाच दरीत सकाळी कडक, दुपारी लगदा आणि सावलीत भुसभुशीत असतो. त्यामुळे तिथे आखूड तळ, भक्कम दात आणि सॅकला सहज अडकवता येणारे वजन, या गुणांना महत्त्व येते.

कोनाचा प्रश्न

स्विस आल्पाइन क्लबची स्नोशू वाटांची श्रेणी या चर्चेला मोजमाप देते. डब्ल्यूटी १ ते डब्ल्यूटी ६ अशा तिच्या सहा पायऱ्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांत उतार २५ अंशांच्या आत असतात, तिसऱ्या-चौथ्यात ३० अंशांच्या आत, पाचवीत ३५ अंशांपर्यंत आणि सहावीत त्याहून अधिक. वरच्या पायऱ्यांवर क्रॅम्पॉन आणि आइस ॲक्स वापरण्याचे कौशल्य गृहीत धरलेले आहे.

हे आकडे दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवून पाहायला हवेत. थर सुटून होणारी बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुरू होतात. स्विस हिमतज्ज्ञ वेर्नर मुंटर यांनी मांडलेला एक सोपा नियम प्रसिद्ध आहे: पाचपैकी दुसऱ्या धोकापातळीला ४० अंशांखाली, तिसऱ्या पातळीला ३५ अंशांखाली आणि चौथ्या पातळीला ३० अंशांखाली राहावे. म्हणजे गेल्या तीन दशकांत दातेरी चौकट आणि सुधारलेल्या बिजागऱ्यांनी स्नोशूला ज्या उतारांपर्यंत पोहोचवले, तेच उतार हिमस्खलनाच्या पट्ट्यातले आहेत. अवजार पुढे गेले, पण धोका जिथे होता तिथेच राहिला.

यातून दोन भूमिका पुढे येतात. पहिली म्हणते की चांगला स्नोशू माणसाला कमी थकवतो, घसरण कमी करतो, म्हणून एकूण सुरक्षितता वाढवतो. दुसरी म्हणते की पकड चांगली असल्याने माणूस आपल्याला कळण्याआधीच अशा उतारावर जातो, जिथे घसरल्यावर थांबणे कठीण असते आणि जिथे स्नोशू काढून क्रॅम्पॉन घालायला सपाट जागा उरत नाही. लांब तळ पायात असताना आइस ॲक्सने स्वतःची घसरण थांबवणे अवघड जाते, हा या बाजूचा वजनदार मुद्दा आहे. दोन्ही बाजू अनुभवी आहेत आणि दोन्हींचे निरीक्षण खरे आहे.

भारतात या संदर्भात संरक्षण संशोधन क्षेत्राचे काम मोलाचे आहे. मनालीत १९६९ साली सुरू झालेल्या हिम आणि हिमस्खलन अध्ययन संस्थेचा वारसा आता डीजीआरई ही संस्था चालवते आणि हिमालयातल्या हिमस्खलनाचे इशारे देते. स्नोशू घेऊन निघणाऱ्या प्रत्येक गटाने ते पाहणे आवश्यक आहे. हिमस्खलनात गाडलेल्यांना शोधून काढण्यासाठी लागणारे ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडे यांचा खर्च स्नोशूच्या खर्चात धरला गेला पाहिजे.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न मापनाचा. क्रॅम्पॉनसाठी युरोपात ईएन ८९३ हे मानक आहे. स्नोशूच्या वजनाचे तक्ते मात्र प्रत्येक उत्पादक आपल्या अंदाजाने देतो आणि ‘तीव्र उतारासाठी’ हे विशेषणही तोच लावतो. दोन कंपन्यांच्या आडव्या पकडीची तुलना खरेदीदाराला दुकानात करता येत नाही.

दुसरा प्रश्न धातूचा. स्टील टिकते पण जड होते, ॲल्युमिनियम हलके पण झिजते. खडक आणि बर्फ आलटून पालटून येणाऱ्या वाटांवर कोणते घ्यावे, याचे उत्तर प्रत्येक डोंगररांगेत वेगळे मिळते.

तिसरा प्रश्न उतरण्याचा. आजवरच्या सुधारणांचा भर चढण्यावर राहिला. उतरताना स्नोशू अजूनही कमकुवत आहे. टाचेखालचे दात वाढवणे, शेपटी आखडणे असे उपाय झाले, पण कडक बर्फाच्या उतरणीवर अनुभवी माणूस आजही स्नोशू काढून सॅकला बांधतो.

चौथा आणि सर्वांत अवघड प्रश्न निर्णयाचा. स्नोशूवरून क्रॅम्पॉनवर कधी जायचे, याचा ठराविक कोन नाही. बर्फाचा कडकपणा, खाली काय आहे, दृष्टिभय किती, सोबती किती थकले आहेत, या सगळ्यांवर ते ठरते. हे शिकवण्याची व्यवस्था साधनांच्या विक्रीइतक्या वेगाने वाढलेली नाही.

आज काय म्हणता येईल

आजवरच्या चर्चेतून निवडीसाठी काही गोष्टी खात्रीने हाती लागतात. तीव्र उतारासाठी मोकळी बिजागरी, संपूर्ण कडेवर पकड, टाचेची कांब आणि तक्त्यापेक्षा शक्यतो एक माप लहान तळ, या चार गोष्टींकडे बहुतेक अनुभवी लोकांचा कल आहे. खोल भुसभुशीत बर्फाची खात्री असेल तर शेपटी सोबत घ्यावी. खडकाळ प्रदेशात प्लास्टिक किंवा स्टीलला झुकते माप द्यावे. अतिउभ्या, अरुंद धारेवर आखूड, बिजागरी नसलेल्या जपानी पद्धतीचाही विचार करावा.

यापुढची निवड दुकानात होत नाही, डोंगरात होते. बर्फाची पाहणी करायला, उतार मोजायला आणि सुरक्षित सपाटीवर वेळेत स्नोशू काढायला शिकणे, हे चांगल्या जोडीइतकेच आवश्यक आहे. ते शिकलेल्या माणसाच्या पायात मध्यम प्रतीचा स्नोशूही चांगले काम करतो. ज्यांच्या हातात पैसे मर्यादित आहेत, त्यांनी महागड्या जोडीऐवजी आधी हिमप्रशिक्षणावर खर्च करावा, असे या आढाव्याच्या शेवटी मनापासून सुचवावेसे वाटते.